जागेवरून न हलणारं घर

घरांचा प्रश्न सोडवायला लोक परिषदा भरवतात, समित्या नेमतात आणि समित्यांच्या जेवणाची सोय करतात. मला विचारलं असतं तर मी उभ्याउभ्या सांगितलं असतं, जुनी बस घ्या! भिंती तयार, छप्पर तयार, खिडक्या तर इतक्या की बंगलेवाल्यांनी हेवा करावा. आत जाऊन पाठ टेकायची तेवढी बाकी! आणि मी काही नुसता बोलणारा माणूस नाही. मी बस घेतली, तिचं घर केलं. त्या घराचं पुढे काय झालं ते दुसरं कुणी तिखटमीठ लावून तुम्हाला सांगायच्या आत मीच सांगून टाकतो.

मी नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत आहे. साहेब लोक मोठमोठ्या इमारतींची स्वप्नं बघतात आणि त्या स्वप्नात संडास कुठे येईल ते मी दाखवतो. दिवसभर दुसऱ्यांच्या ऐसपैस खोल्या आखायच्या आणि संध्याकाळी घरमालकाच्या जिन्याखालच्या खोलीत वाकून शिरायचं, असं बरीच वर्षं चाललं होतं. त्या खोलीला दार होतं, पण ते घरमालकाच्या बैठकीत उघडायचं. दूध आणायला जायचं तरी त्यांच्या पाहुण्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढावी लागे.

"मला महाल नको," बायको म्हणायची, "मला एक दार हवंय. माझं स्वतःचं. भांडण झालं की धाडकन आपटता येईल असं! इथे रागावून बाहेर पडायचं म्हटलं तरी आधी चार जणांना 'जरा पाय घेता का' म्हणावं लागतं. तोवर राग राहतो का?"

हसू नका. ती हे हसत हसत म्हणायची, पण एकदा भांडी घासता घासता म्हणाली, तेव्हा हसत नव्हती. मला फार वाईट वाटलं.

अशात गृहनिर्माण कचेरीने योजना काढली. डेपोत गंजत पडलेल्या बसगाड्या भंगाराच्या भावात न्याव्यात, त्यांची घरं करावीत आणि गावाबाहेरच्या मैदानात सुखाने राहावं. अट एकच. घर जागेवरून हलता कामा नये! तपासनीस येऊन बघणार, खात्री पटली तर 'हे घर आहे' असा दाखला देणार. नाही पटली तर ते वाहन ठरणार, आणि मैदानात वाहन उभं करायला बंदी असल्यामुळे पुन्हा भंगारात जाणार.

मी इतक्या आत्मविश्वासाने कामाला लागलो की दाखल्याची वाट न बघता जिन्याखालची खोली सोडूनही टाकली. घरमालकाने ती त्याच दिवशी एका ट्रम्पेट शिकणाऱ्या गृहस्थांना दिली. म्हणजे दाखला मिळाला नाही तर आम्हाला परत जायला जिन्याखालची जागासुद्धा उरली नव्हती. बायकोने हे मला रोज एकदा सांगितलं.

पण घर काय झालं होतं म्हणून सांगू! मागच्या लांब बाकाच्या जागी न्हाणीघर, चाकावरच्या उंचवट्यावर पलंग, सामानाच्या फळीवर डबे आणि पातेली. ड्रायव्हरच्या केबिनमागे मी आडवं कपाट ठोकलं आणि त्यात चहाचा कप जाईल एवढी खिडकी ठेवली. ड्रायव्हरची खुर्ची तशीच राहू दिली, कारण आख्ख्या घरात तेवढी एकच खुर्ची आरामशीर होती. बेलची जुनी दोरीही ठेवली. तिची मी दारावरची घंटा केली. दाराशी ओढली की केबिनमध्ये खणखणीत वाजायची.

आता सासरेबुवांविषयी सांगायला हवं. ते आमच्याकडेच असतात. जन्मभर कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यापासून मात्र चुकल्या चुकल्यासारखे वावरायचे, कुणी पुढे सरकायला तयार नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? बस आणली त्या दिवशी त्यांनी तिच्या पत्र्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, ही बाजार लाइनची! हिच्या मागच्या दाराला खांदा लावावा लागतो." तेव्हापासून त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी ते आपल्या जुन्या जोडीदाराला घेऊन आले.

हे ड्रायव्हरकाका. सासरेबुवा त्यांना 'पायलट' म्हणत आणि ते सासरेबुवांना 'मास्तर'. जन्मभर इंजिनाच्या शेजारी बसल्यामुळे काकांना माणसांचं बोलणं फारसं ऐकू यायचं नाही. बेल मात्र बरोबर ऐकू यायची. रोज दुपारी जेवून यायचे, आपल्या खुर्चीत बसायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. कुणाला झोपाळ्यावर झोप लागते, कुणाला तिथे.

राहता राहिलं इंजिन.

"साहेब, इंजिन काढून टाका, चाकं सोडा, खाली पक्का ओटा बांधा," मेकॅनिकने पहिल्याच दिवशी सांगितलं.

"अरे, चालू इंजिन आहे! एका किल्लीत सुरू होतं. असं इंजिन कुणी काढतं का?"

"मग गाडी हलणार नाही याची हमी काय?"

"ते माझ्यावर सोड!" मी म्हणालो. तुम्हाला माहीत आहेच, मी नकाशे काढणारा माणूस. मी प्रत्येक चाकापुढे एक वीट ठेवली, वर छानपैकी चुना मारला आणि बाजूने फुलांच्या कुंड्या मांडल्या. लांबून पाहिलं तर घर जमिनीतूनच उगवलंय असं वाटावं!

"आणि इंजिन?" बायकोने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात काढतो."

"किल्ली तरी काढून ठेवा."

"अगं, जुनी गाडी आहे. किल्ली एकदा काढली की परत लवकर बसत नाही," मी म्हणालो. यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी सोडून देतो.

तपासनीस साहेब आले ते पुढचा आठवडा उजाडण्याआधीच. बारीक चणीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहरा असा की यांनी स्वतःच्या घरालाही अजून दाखला दिला नसावा. मैदानात त्या दिवशी पहिलीच तपासणी आमची. बायकोने चहा टाकला होता. ती साहेबांशी इतकं गोड बोलत होती की मला तिची काळजीच वाटली.

साहेबांनी कुंड्या पाहिल्या, विटा पाहिल्या. पलंग दाबून पाहिला. "बरं आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला म्हणजे आपण जिंकलोच, असं मला वाटलं! माणसाने अशा वेळी गप्प बसावं. पण मी कसला गप्प बसतोय?

"साहेब, न्हाणीघर पाहा ना! दार लावून पाहा. आतून कसं प्रशस्त वाटतं!"

साहेब आत गेले, दार लावलं.

"आणि साहेब, गंमत म्हणजे दारावरची घंटा तिथेही ऐकू येते!" असं म्हणून मी दोरी ओढली. एकदा ओढून भागलं असतं. पण मला हौस! मी दोनदा ओढली.

टण् टण्!

"ऐकू आली का साहेब?"

साहेबांचं माहीत नाही, केबिनमध्ये दुपारची डुलकी घेणाऱ्या काकांना ऐकू आली. जन्मभर ज्या माणसाला एक बेल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे सोडा एवढंच शिकवलंय, त्याने दुसरं काय करायचं? डोळे उघडायच्या आधी त्यांचा हात किल्लीवर गेला. इंजिन, मी म्हटलं होतं तसंच, एका किल्लीत सुरू झालं!

आणि इतका वेळ दाराशी शांत बसलेले सासरेबुवा ताडकन उभे राहून ओरडले, "चला, जाऊ द्या!"

माझ्या विटांचा जागच्या जागी भुगा झाला. पायाखालची जमीन सरकणे याचा वाक्यात उपयोग मी शाळेत केला होता, पण प्रात्यक्षिक हे पहिलंच. फळीवरची पातेली खाली आली, डबे त्यांच्यामागून आले. पलंगाखालची ट्रंक निघाली ती थेट मागे जाऊन न्हाणीघराच्या दाराला चिकटून बसली. आतून साहेबांचा आवाज आला, "हे काय हलतंय?"

"काही नाही साहेब! वारा आहे!" मी म्हणालो. खिडकीतून शेजारच्या बसघराची दोरी, दोरीवरच्या चादरी आणि चादरींमागे धावणारी शेजारीण दिसत होती. चादरी आमच्या आरशाला अडकल्या होत्या.

"बाबा, थांबवा!" बायको किंचाळली. तिने एका हाताने चहाची किटली धरली होती, दुसऱ्याने शेगडी विझवली होती.

"अगं, अशी मधेच कुठेही गाडी थांबवता येत नाही," सासरेबुवा म्हणाले, "स्टॉप यावा लागतो!"

मी केबिनकडे धावलो. पण केबिन आणि मी यांच्यामध्ये मी स्वतः ठोकलेलं कपाट होतं. फार मजबूत काम झालं होतं. चहाच्या खिडकीतून मी हात घातला तर काकांनी तो चहाचा समजून "नंतर, नंतर" असं म्हणून बाजूला केला.

एवढ्यात स्टॉप आला. स्टॉपवर एका बाईंनी हात केला, आणि हात केलेला माणूस सोडून पुढे जायचं हे काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. घर थांबलं. मी "देवा!" म्हणेपर्यंत सासरेबुवांनी दार उघडलंही होतं.

"या, या! पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!"

बाई भाजीची पिशवी घेऊन चढल्या. त्यांच्यामागून एक रंगारी आपल्या शिडीसकट चढला, मागून आणखी सातआठ जण.

"अहो, हे घर आहे!" मी ओरडलो.

"सगळ्यांना घरीच जायचंय," भाजीवाल्या बाई म्हणाल्या आणि पलंगावर ऐसपैस बसल्या. "झोपायची सोय केली वाटतं. बरं झालं बाई!"

"चहापण आहे!" रंगाऱ्याने बायकोच्या हातातली किटली पाहून सगळ्यांना कळवलं. बायको काय करणार? समोर माणसं आली की तिला राहवत नाही. तिने कप भरले.

सासरेबुवांनी दोरी ओढली. टण् टण्! घर पुन्हा निघालं. त्यांचा चेहरा मी पाहत होतो. एवढा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता, आणि नवरदेव मी होतो!

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी दोरीवर झडप घातली आणि मिळेल तशी ओढत सुटलो. टण् टण् टण् टण् टण्!

"अहो जावईबापू, काय केलंत?" सासरेबुवा कळवळले. "दोनाच्यावर बेल म्हणजे गाडी भरली, कुठे थांबू नका! आता पायलट शेवटच्या स्टॉपपर्यंत ऐकायचा नाही!"

खरंच, इंजिनाचा सूर बदलला. घर उडत निघालं! दोन स्टॉप मागे गेले. तिथल्या लोकांनी मुठी उगारून आम्हाला जे सुनावलं ते बसला उद्देशून होतं की माझ्या खानदानाला, ते कळायला मार्ग नव्हता. आतले लोकही खवळले. "माझा स्टॉप गेला!" "तक्रार करीन!" "मालक कोण आहे?" बायकोने कप गोळा करता करता मानेने माझ्याकडे दाखवलं.

इकडे न्हाणीघराच्या दारावर धडका बसायला लागल्या होत्या. रंगाऱ्याला वाटलं आत कुणीतरी फुकट प्रवास करतंय. त्याने ट्रंक ओढली, दार उघडलं, आणि साहेब बाहेर पडले. त्यांनी तोल सावरायला धरलेला नळ शॉवरचा होता. शर्ट अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळतंय आणि हातात आमचा साबण!

साहेबांनी पलंगावरच्या बाई पाहिल्या, शिडी पाहिली, खिडकीतून मागे पळणारी झाडं पाहिली.

"हे घर हलतंय!" ते म्हणाले.

मी खाली मान घातली. बायकोकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. कपांचा किणकिणाटही थांबला होता. मैदान गेलं, दाखला गेला, ट्रम्पेटवाल्याने खोली घेतली. दोरी दोनदा ओढायची हौस मला कशाला हवी होती?

"मला आत्ताच्या आत्ता ऑफिसला न्या!" साहेब ओरडले.

सासरेबुवांच्या दृष्टीने हे उतरायचं ठिकाण झालं. ते चहाच्या खिडकीत तोंड घालून ओरडले, "पायलट! साहेबांना गृहनिर्माण कचेरी!" या आवाजाची काकांना जन्माची सवय होती. त्यांनी मान डोलावली आणि वळण घेतलं.

कचेरीच्या फाटकातून घर आत शिरलं. दरवान सलाम करायचा की पळायचं हे न ठरल्यामुळे सलाम करत पळाला. साहेबांना तिथेच उतरवलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण जुनी माणसं शिस्तीची! शेवटच्या स्टॉपवर गाडी रिव्हर्स घेऊन रीतसर लावल्याशिवाय त्यांना चैन पडेना. सासरेबुवा खाली उतरले आणि मागच्या पत्र्यावर थापा मारत ओरडू लागले, "येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडे... येऊ द्या... बस्स!"

एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला कचेरीचा जिना आणि मधे आमचं घर. नख घालायला जागा नाही! मग इंजिनाने एकदा खोकल्यासारखं केलं, दुसऱ्यांदा केलं, आणि बंद पडलं. काकांनी किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. किल्लीच तुटून हातात आली.

प्रवासी शिव्या देत उतरले. भाजीवाल्या बाई मात्र बायकोला "चहा छान होता गं" म्हणून गेल्या.

"हे आधी इथून हलवा!" साहेब शर्ट पिळत ओरडले. "ताबडतोब! मोठे साहेब जेवून येतील आता!"

"हलत नाही साहेब," काका म्हणाले. एवढं मात्र त्यांना ऐकू आलं होतं.

"ढकला!"

दरवान, रंगारी, मी आणि कचेरीतले शिपाई, सगळ्यांनी ढकललं. घर तसूभर सरकलं नाही.

"अजिबात हलत नाही?" साहेबांनी विचारलं.

"अजिबात नाही," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

तेवढ्यात बायको दारात आली. पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "मग तसं लिहा ना साहेब."

"काय?"

"जागेवरून हलत नाही म्हणून. तुमची अट तेवढीच होती ना? स्वतः उभं राहून खात्री केलीत, माणसं लावून ढकलून पाहिलंत. एवढी कडक तपासणी तर कुणाच्याच घराची झाली नसेल!"

"बाई, हे घर मला घेऊन गावभर फिरलंय!"

"तेही लिहा," बायको म्हणाली. "मोठ्या साहेबांना सांगा, मी तपासणीच्या वेळी आंघोळ करत होतो आणि घर बाजारातून जात होतं."

साहेबांनी हातातल्या साबणाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं, कारण तिकडून मोठ्या साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. दाखला भिजला होता, पण सही स्पष्ट आली.

मोठे साहेब गाडीतून उतरले, आमच्या घरासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि फारच खूश झाले! "वा! नमुना घर आणून लावलंत? लोकांना कळायला हवं ते असंच! इथेच राहू द्या हे कायमचं!" तपासनीस साहेब "होय सर" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तर आता आमचं पक्कं घर आहे, भर गावात, कचेरीच्या आवारात. बायको कधी नव्हे ती खुशीत असते. सासरेबुवा येणाऱ्या लोकांना रांगेत उभं करतात आणि पुढे सरकवतात. लोक येतात ते नमुना घर बघायला. कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत येतात, पातेल्यांची झाकणं काढतात, कपाटं उघडतात, नळ सोडून बघतात. बायको त्यांना सगळं इतकं फिरून फिरून दाखवते की घर तिनेच बांधलं असं कुणालाही वाटावं.

परवा सुट्टी घेऊन मी पलंगावर पडलो होतो. डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी माझ्या अंगावरची चादर उचलली. एक नवरा-बायको होते. गृहस्थांनी मला नीट न्याहाळलं, पलंग दाबावा तसं एका बोटाने दाबून पाहिलं आणि माझ्या बायकोला विचारलं,

"हे घराबरोबरच येतं का?"

"हो," बायको म्हणाली, "पण काढता येतं. घरात हलवता येण्यासारखं आता तेवढंच राहिलंय."